माझी काळी-पिवळी

सोमवार सकाळ. साडेदहाची मीटिंग. कॉन्फरन्स टेबलावर नऊ लॅपटॉप. त्यातले आठ चंदेरी, सडपातळ, एकाच आईची लेकरं असावीत तसे सारखे. नववा माझा. काळा, जाडजूड आणि चिकट. हो, चिकट! बॉसने बोलता बोलता त्याच्यावर आपली फाइल ठेवली. उचलायला गेला तर फाइलबरोबर लॅपटॉपही वर आला. चांगला चार बोटं. सगळं टेबल हसलं. मीही हसले. दुसरं काय करणार?

या चिकटपणाचं कारण मी नंतर शोधून काढलं. काही लॅपटॉपच्या झाकणावर रबरासारखा मऊ लेप द्यायची फॅशन होती. दुकानात हात लावला की एकदम श्रीमंत वाटायचं. पण हा लेप असतो पॉलियुरेथेनचा, आणि हवेतला दमटपणा वर्षानुवर्षं त्याला आतून कुरतडत राहतो. मग एक दिवस लेपाचा गूळ होतो. मुंबईची हवा म्हणजे तर काय, वर्षातले चार महिने आपण सगळेच थोडे थोडे चिकट असतो.

‘नवा घे ना यार,’ हा सल्ला मला त्या दिवशी पाच जणांनी दिला. पाचही जण ईएमआयवाले. पण माझा लॅपटॉप पोटातून ठणठणीत आहे हो. गेल्याच वर्षी त्यात एसएसडी टाकली, रॅम वाढवली. वाऱ्यासारखा चालतो. फक्त कातडी गेलीय. आणि कातडी गेली म्हणून कुणी माणूस बदलतं का?

म्हटलं, घरीच साफ करू. इथे माझा पहिला अतिशहाणपणा. हाताशी नेलपॉलिश रिमूव्हर होता. कापसावर घेतला आणि झाकणाच्या एका कोपऱ्यावर घासला. चिकटपणा गेला. सोबत प्लास्टिकही गेलं! रिमूव्हरमध्ये ॲसिटोन होतं, आणि ॲसिटोन या प्लास्टिकला विरघळवतं. रुपयाच्या नाण्याएवढा पांढरट, खडबडीत डाग पडला. बाकीचा लेप मग शहाण्यासारखा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला. तो पुसला जातो आणि खालच्या प्लास्टिकला सहसा धक्का लागत नाही. दोन संध्याकाळी गेल्या, सहा जुने टी-शर्ट गेले. आता लॅपटॉप चिकट नव्हता, पण कोड फुटल्यासारखा दिसत होता. डोक्याला शॉट!

त्याच आठवड्यात एकदा शीवच्या सिग्नलला अडकले होते. बाजूला एक काळी-पिवळी उभी. धो धो पावसात तिचं पिवळं छप्पर नुसतं लखलखत होतं. मनात आलं, ही गाडी वर्षभर उन्हात तळते, पावसात भिजते, कबुतरं तिच्यावर नाही नाही ते करतात. तरी हिचा रंग टिकतो. आणि माझ्या लॅपटॉपला एसी ऑफिस सोसत नाही? मग याला गाडीचाच रंग का नको?

ही आयडिया काही माझ्या बापजाद्यांची नाही, हे आधीच कबूल करते. २००३ साली एसर कंपनीने फेरारीशी हातमिळवणी करून ‘फेरारी ३०००’ हा लॅपटॉप काढला होता. झाकण रेसच्या गाडीसारखं लालभडक, वर उधळलेला घोडा. २००६ साली असूसने लॅम्बॉर्गिनीच्या नावाने लॅपटॉप आणला, तो तर चक्क पिवळाही मिळायचा. आणि कॅनडातल्या कॅलगरीत राहुल सूद या आपल्याकडच्या नावाच्या माणसाने १९९१ साली ‘वूडू पीसी’ ही कंपनी काढली होती, ती गिऱ्हाइकाला हव्या त्या गाडीच्या रंगात लॅपटॉप रंगवून द्यायची. २००६ साली एचपीने ती कंपनीच विकत घेतली. म्हणजे जगाने हे करून झालंय. पण कुणी काळा-पिवळा केला होता का? मुंबईचा? नाही ना! मग ठरलं. छप्पर पिवळं, अंग काळं. सही!

आता रंगवायचा कुठे? ऑफिसातल्या ड्रायव्हरदादांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, ‘कोळीवाड्यात जा मॅडम. शीव कोळीवाड्यात.’

हार्बर लाइनला वडाळा रोड आणि चुनाभट्टीच्या मधे उतरायचं. स्टेशनच्या पाटीवर ‘गुरु तेग बहादूर नगर’ लिहिलेलं असतं, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून कोळीवाडाच. शीव म्हणजे हद्द. एकेकाळी मुंबई बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. मूळ गाव कोळ्यांचं. फाळणीनंतर पंजाब-सिंधकडून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, आणि कोळ्यांच्या मासळीला पंजाब्यांचा मसाला भेटला. हॉटेलच्या मेन्यूत तुम्ही जी ‘प्रॉन्स कोळीवाडा’ मागवता ना, ती इथलीच मानतात. आणि खाण्याइतकाच दुसरा धंदा म्हणजे गाड्यांचा. पलीकडे अँटॉप हिलला ट्रक टर्मिनल, तिथेच वडाळा आरटीओ, एमएच ०३ वालं. मग डेंटर, पेंटर, वेल्डर, सीट कव्हरवाले, सगळे आसपास असायचेच.

गॅरेज मिळालं. मालक सरदारजी, सगळे त्यांना पाजी म्हणतात. मी पिशवीतून लॅपटॉप काढला. पाजींनी माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

‘गाडी किधर है?’

‘यही है,’ मी म्हटलं.

पाजींनी आतल्या बाजूला हाक मारली. आणि रंगाने माखलेल्या हाताने बिडी विझवत एक साठीचे गृहस्थ बाहेर आले. मूळचे साताऱ्याकडचे, पण हयात इथेच गेलेली. मी लगेच काका म्हणून मोकळी झाले. काकांनी लॅपटॉप हातात घेऊन उलटासुलटा केला, नखाने झाकण खरवडलं, टिचकी मारून आवाज ऐकला.

‘प्लास्टिक हाय. बंपरला मारतो तसंच मारावं लागंल. हा डाग कुणी पाडला?’

मी गप्प.

‘याला लांबी भरावी लागंल. आणि ताई, हे सगळं खोलून आणा. नुस्तं झाकण आणा. मला कॉम्पुटरमधलं काय कळत न्हाई, आन् थिनर आत गेला तर तुम्ही माझ्या नावानं बोंबलाल.’

एकदम प्रोफेशनल! आमच्या ऑफिसात क्लायंटला इतकं स्पष्ट कुणी सांगत नाही.

लॅमिंग्टन रोडच्या एका रिपेअरवाल्याने झाकण सोडवून दिलं. स्क्रीन, बिजागऱ्या, वायफायच्या अँटेनाची बारीक वायर, सगळं काढून नुसती टरफलं हातात दिली. (तुम्हालाही हा किडा चावला तर हे आधी करा. जोडलेल्या लॅपटॉपवर रंगाची गन चालवणं म्हणजे पंख्याच्या जाळीतून थिनर आत सोडणं. आणि ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर हा लेख इथेच मिटून ठेवा. एचआर माझ्या नावाने मेल पाठवेल.) खालचा भाग आणि कीबोर्डच्या आजूबाजूची जागा मी काळीच ठेवली. तिथे तळहाताचा घाम आणि मशीनची गरमी दोन्ही येतं, रंग टिकणं कठीण. शिवाय टॅक्सीही खाली काळीच असते की.

पुढच्या रविवारी झाकण घेऊन गेले. मला वाटलं होतं, गन घेतील, फुस्स करतील, तासाभरात मी कोळंबी खाऊन घरी. काकांनी गनला हातसुद्धा लावला नाही. एका तांब्यात पाणी घेतलं, वॉटर पेपर बुडवला आणि घासायला बसले. आधी चारशे नंबर, मग सहाशे, मग आठशे. नंबर वाढेल तसा कागद मऊ. घासायचं, पाण्याने धुवायचं, उजेडात तिरकं धरून बघायचं, पुन्हा घासायचं. माझ्या डागात लांबी भरली, वाळली, ती घासली. दोन तास झाले. रंगाचा एक थेंब नाही.

‘काका, रंग कधी?’

‘ताई, रंग मारायला धा मिनटं लागत्यात. बाकी सगळं घासणंच हाय. रंग काय लपवत न्हाई. उलट चमकला की खालचा एकूण एक ओरखडा दाखवतो.’

मला समोरच्या खाणावळीतला पोऱ्या दिसत होता. कोळंबी धुऊन, निथळून, फडक्याने टिपून मगच पिठात घालत होता. ओल्या कोळंबीला पीठ धरत नाही. रंगाचाही फंडा तोच. खालचं अंग तेलकट, ओलं किंवा गुळगुळीत असेल तर वर कितीही भारी रंग मारा, पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी बारीक ओरखडे पाडायचे, मग प्लास्टिकला धरणारा प्रायमर, मग सरफेसर, तोही घासायचा, मग रंग.

त्या दिवशी सरफेसरपर्यंत गाडी आली आणि पाऊस कोसळायला लागला. काकांनी गन खाली ठेवली. ‘आज न्हाई. हवेत पाणी हाय.’ पुढच्या रविवारीही तेच. यामागे साधं शास्त्र आहे. रंगातला थिनर भराभर उडतो, तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल तर त्यावर बाष्प धरतं, गार पाण्याच्या बाटलीवर धरतं तसं. ते रंगात अडकलं की चमक जाऊन धुरकट पांढरी झाक येते. सावकाश उडणारा थिनर घालून काम निभावतात काही जण. काकांना ते पटत नाही. त्यामुळे दोन आठवडे माझा लॅपटॉप बिनझाकणाचा, मॉनिटरला जोडून, टक्कल पडल्यासारखा घरी बसून होता.

पण त्या दोन रविवारी काकांशी गप्पा झाल्या, आणि त्या फुकट मिळाल्या.

काकांनी पद्मिनी रंगवल्यात. आकडा त्यांनाही माहीत नाही. टॅक्सीला पासिंगला न्यायचं असलं की आधी तिला नटवावं लागतं, आणि मग गॅरेजसमोर रांग. पद्मिनी जन्माला यायची इथून जवळच, कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. १९६४ पासून ती ‘फियाट ११०० डिलाइट’ होती, १९७२ साली ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. रंगाची गोष्ट अशी सांगतात की, व्ही. बी. गांधी या स्वातंत्र्यसैनिक पुढाऱ्यांनी नेहरूंना सुचवलं, वर पिवळा ठेवा म्हणजे लांबून दिसेल, खाली काळा ठेवा म्हणजे डाग दिसणार नाहीत. डाग दिसू नयेत म्हणून रंग! नेलपॉलिश रिमूव्हरवाल्या बाईला हे ऐकून किती आपलंसं वाटलं असेल बघा.

‘छप्पर तर कुणाला दिसतच नाही काका, मग त्याला एवढी मेहनत कशाला?’ मी विचारलं.

‘दिसत न्हाई कसं? डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरनं सगळं दिसायचं की. मी सोता वर बसून बघायचो, माझं कुठलं आन् दुसऱ्याचं कुठलं.’

मी घरी येऊन तारखा पाहिल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. इथे टॅक्सीचं वय वीस वर्षं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आणि बेस्टची जुनी लाल डिझेल डबलडेकर शेवटची धावली १५ सप्टेंबर २०२३ ला. म्हणजे छप्पर आणि छप्पर बघणारी खिडकी, दोघं दीड महिन्याच्या अंतराने गेले. रंग तेवढा उरला, दुसऱ्या गाड्यांच्या अंगावर.

तिसऱ्या रविवारी ऊन पडलं. काकांनी दोन डबे काढले आणि विचारलं, ‘पीयू मारू की ड्युको?’

ड्युको म्हणजे तुमच्या घरातल्या कपाटावर सुतार मारतो म्हणतो तोच शब्द. मुळात ते अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचं नाव. १९२०च्या दशकात तो आला तेव्हा मोटार कंपन्यांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण त्याआधीचे रंग वाळायला आठवडे लागायचे आणि हा काही तासांत वाळायचा. कंपनीचं नाव मागे पडलं, शब्द आपल्या गॅरेजांत राहिला. आता चलती पीयूची. त्यात रंगाबरोबर हार्डनर मिसळायचा. वाळला की दगडासारखा कडक आणि काचेसारखा चमकदार. पेट्रोल सांडलं तरी काही होत नाही.

‘पीयूच!’ मी म्हटलं. घ्यायचं तर बेस्ट घ्यायचं, हो की नाही?

काकांनी झाकणाच्या कडांना मास्किंग टेप लावायला सुरुवात केली. बिजागरीची जागा, स्क्रूची भोकं, कॅमेऱ्याची खाच. रंगाचे सगळे थर मिळून जाडी होते एखाद-दोन केसांएवढी, पण तेवढ्यानेही झाकण नीट बसत नाही. अगदी सुईच्या टोकाएवढ्या भोकालाही त्यांनी टेपचा तुकडा कापून लावला. तोपर्यंत मी रिकामी, म्हणून हार्डनरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचत बसले. सवय आहे, ऑफिसात दिवसभर कॉन्ट्रॅक्टच वाचते. त्यात लिहिलं होतं: आयसोसायनेट. आणि खाली, श्वासाच्या संरक्षणाशिवाय वापरू नये.

मोबाइलवर शोधलं आणि पोटात गोळा आला. भोपाळला १९८४ साली जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. डब्यातलं रसायन ते नाही, पण घराणं तेच. गनमधून फवारा उडतो तेव्हा हे बारीक थेंबांतून श्वासात जातं. एकदा का शरीराने त्याचा धसका घेतला, की मग अगदी थोडं मिळालं तरी दम लागतो. गाड्या रंगवणाऱ्यांना होणाऱ्या दम्याचं हे मोठं कारण जगभर मानलं जातं. आणि कहर म्हणजे याचा वास धोक्याइतका येत नाही. नाकाला झोंबतो तो थिनर. खरा चोर गुपचूप येतो. यासाठी खरं तर बाहेरून स्वच्छ हवा आणणारा मास्क लागतो, नळीवाला.

मी मान वर केली. टेप लावून झाला होता. काकांनी खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला, त्रिकोणी घडी घातली आणि नाकावरून मागे बांधला.

लॅपटॉपच्या एकूण एक भोकाला टेप होता. आणि माणसाच्या नाकाला रुमाल.

‘काका, थांबा,’ मी म्हटलं. ‘हे रोज असंच करता?’

‘मग? चाळीस वर्सं झाली.’

‘खोकला?’

‘तो असतोच की रंगवाल्याला.’ हे त्यांनी अशा सहजतेने सांगितलं, जशी आपण पाठदुखी सांगतो, आयटीवाल्याला असतेच म्हणून.

मी त्यांना डब्यावरची अक्षरं वाचून दाखवली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, ‘पीयू नको. ड्युको मारा.’

‘चमक कमी यील. ओरखडे पडतील.’

‘पडू देत.’

काका हसले. रुमालाच्या वरून डोळे तेवढे दिसले. ‘ताई, तुमच्या एका झाकणानं माझं काय व्हनार? उद्या तीन बंपर हायेत, तिन्ही पीयूचे.’

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ड्युकोलाही थिनर लागतोच, तोही काही तुळशीचा काढा नव्हे. पण त्यात हार्डनर नाही, एवढं तरी. कुठल्या तरी एका रविवारी, निदान माझ्या हौसेपायी तरी ते पोटात जाऊ नये, इतकाच माझा हिशोब होता. फार मोठा नाही. मला ठाऊक आहे.

मग रंग लागला. आधी पांढरा. कारण पिवळा रंग लबाड असतो, काकांचे शब्द. त्याला स्वतःचं अंग नसतं. काळ्यावर मारला तर हिरवट दिसतो. पांढऱ्यावर मारला तरच खरा पिवळा. पहिला हात अगदी पातळ, धुक्यासारखा, कारण जाड मारला तर ड्युकोचा थिनर प्लास्टिकलाच खातो. (ते मला शिकवायला नको!) मग दुसरा, मग तिसरा. काकांचा हात गनसकट सरळ रेषेत जायचा, झाकणाच्या बाहेर जाऊन मगच वळायचा. आत थांबला की ओघळ आलाच म्हणून समजा. दहा मिनिटं. खरंच दहाच मिनिटं.

एक आठवडा वाळायला दिलं. नंतर पंधराशे आणि दोन हजार नंबरच्या कागदाने पुन्हा घासलं. हो, रंगावरून! चमकणारा रंग घासून आधी मेणचट केला, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. मग रबिंग लावलं, मऊ फडकं घेतलं आणि गोल गोल फिरवत राहिले. काका थोडा वेळ, मग मी. खांदे भरून आले. आणि हळूहळू त्या पिवळ्यात गॅरेजची ट्यूबलाइट दिसायला लागली. आधी धूसर पट्टा, मग सरळ रेघ.

‘आता डबलडेकरवरनं दिसंल,’ काका म्हणाले.

सगळे मिळून अठराशे रुपये. त्यात पाजींनी चहाचे पैसे घेतले नाहीत. आणि आरटीओत जावं लागलं नाही! गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते. लॅपटॉपला अजून पासिंग नाही, नशीब.

ऑफिसात काय झालं, ते विचारू नका. रिसेप्शनपासून पँट्रीपर्यंत ‘मीटर डाउन’चे जोक झाले. ‘वांद्रे येणार का?’ असं विचारून तिघांनी हात लावून पाहिला. बॉसने फाइल ठेवली, उचलली, एकटी फाइल वर आली, तेव्हा टाळ्या पडल्या. चार जणांनी गॅरेजचा पत्ता मागितला. मी दिला, पण अट घालून. पीयू मारायचा असेल तर काकांना नीट मास्क आहे का ते आधी बघा, नसेल तर पाजींकडे मागा. गिऱ्हाइकांनी मागितलं की गॅरेजमध्ये वायफाय येतं, एसी वेटिंग रूम येते. मग मास्क का येऊ नये?

चमकेचं म्हणाल तर काका खरं बोलले होते. तीन महिन्यांत कोपऱ्यावर दोन ओरखडे आलेत, बॅगेच्या चेनमुळे. पीयू असता तर आले नसते. मला ते दिसतात. रोज दिसतात. असू देत.

मधल्या काळात मी काकांसाठी एक मास्क घेतला होता, दोन बाजूंना डब्या असलेला. नळीवाला नाही, तेवढी माझी पोच नव्हती. पण रुमालापेक्षा कितीतरी बरा. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला, अगदी पहिल्या दिवशी लॅपटॉप पाहिला तसाच. ‘यात बोलता येत न्हाई. बिडी कशी वढायची?’ म्हणाले आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवला. मी समजले काय ते.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेले होते, मैत्रिणीची स्कूटर दाखवायला. काका जेवायला गेले होते. मास्क खिळ्यालाच होता. त्याच्यावर राखाडी रंगाचा बारीक थर बसलेला, कुठल्या तरी गाडीचा सिल्व्हर. म्हटलं, लटकून लटकून धूळ खातोय बिचारा. सहज हातात घेतला आणि उलटा केला.

आतली बाजू स्वच्छ होती.

खिळ्यावर नुसत्या टांगलेल्या मास्कला आत-बाहेर सारखाच रंग बसला असता. बाहेर रंग आणि आत कोरा, हे कधी होतं? टेप लावून रंग मारला आणि मग टेप काढला की होतं. तीन आठवडे मी तेच तर बघत होते.

मी मास्क होता तसा खिळ्याला अडकवला आणि समोर कोळंबीची ऑर्डर दिली. दोन प्लेट. एक काकांसाठी.